कुंपणावरचा पेला

अंफिमकाकाच्या कुंपणावर एका खिळ्याला पांढरा पत्र्याचा पेला टांगलेला असायचा. कड निळी, बुडाशी टवका उडालेला. तो आमच्यासाठी होता. आमच्यासाठी म्हणजे जे त्यांच्यातले नाहीत त्या सगळ्यांसाठी. मी, पोस्टवाली, विजेचा मीटर बघायला येणारा, वाट चुकलेला एखादा पाहुणा, कोणीही यावं, तुरटी फिरवून निवळलेलं पिंपातलं नदीचं पाणी प्यावं आणि पेला परत खिळ्याला लावावा. घरातले पेले घरातल्यांचे. त्यांना आमचे ओठ लागायचे नाहीत.

लिपोवानांचं सोवळं हे असं. जुन्या पंथाची रशियन माणसं. दोन बोटांनी क्रूस काढतात, दाढीला कात्री लावत नाहीत, तंबाखूला शिवत नाहीत. नदीच्या मुखाशी कालव्यांवर वसलेल्या आमच्या विलकोव्यात निम्मे ते आणि निम्मे आम्ही, कोसॅकांची युक्रेनी पोरं. मी लग्न होऊन या गल्लीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अंफिमकाकाच्या बायकोने, फेव्रोनियाने, मला त्या पेल्यातून पाणी दिलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, माझ्या ओठांना काय विष लागलंय का? तो म्हणाला, पाणी गोड होतं ना, मग भांड्याशी कशाला भांडतेस. पुढे सवय झाली. फेव्रोनियाशी माझी अशी गट्टी जमली, की माझा ओस्ताप तिच्या मांडीवर वाढला आणि तिचा येवसेई माझ्या ओट्यावर. पण पेला तोच. तिच्या मयताच्या जेवणालासुद्धा मला वेगळ्या ताटात वाढलं, आणि मी रडत रडत जेवले.

अंफिमकाका उंच, जरा वाकलेला. छातीवर पांढरी दाढी, कमरेला विणलेला पट्टा. बोलणं मोजकं. वसंतात आमच्या गल्लीतले सगळे कालव्यातला गाळ उपसून आपापल्या वाफ्यांवर टाकतात, नाहीतर जमीन पाण्याखाली जाते. तो उपसताना म्हणायचा, "राज्यं पण अशीच येतात, वासिलिना. पूर येतो, जातो, गाळ ठेवून जातो. आपण त्यावर टोमॅटो लावायचे." त्याचा आजा झारच्या हद्दीत जन्मला, बाप रोमेनियाच्या फौजेत राबला, तो स्वतः सोव्हिएत मच्छिमार संघाच्या होडीवर चाळीशी ओलांडेपर्यंत होता, आणि आता युक्रेनची पेन्शन घेतो. घर मात्र त्याच कालव्यावर, त्याच जागी.

असं बोलणं शांततेच्या काळात शहाणपणाचं वाटतं. लढाई सुरू झाली आणि तेच बोलणं संशयाचं वाटायला लागलं. जो सगळ्याच राज्यांना पूर म्हणतो तो आपलं राज्य बुडालं तर रडेल का, असं पनासने मला विचारलं.

पनास माझा धाकटा दीर. पायात दोष म्हणून फौजेने घेतला नाही, तेव्हापासून गल्लीच्या पहाऱ्याचा मुख्य झाला आणि लष्करी रंगाचं जाकीट घालून हिंडायला लागला. माणूस वाईट नाही. पण त्याला प्रत्येकाचं उत्तर पाहिजे असतं. एकदा पुलावर त्याने अंफिमकाकाला अडवलं.

"आजोबा, सरळ सांगा. तुम्ही रशियन की युक्रेनी?"

"लिपोवान."

"हे उत्तर नाही. स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हा शिक्का कुठे मारलात?"

"तुझ्या बापाला चष्मा सापडत नव्हता," अंफिमकाका म्हणाला. "त्याने मला विचारलं, शिक्का कुठे मारायचा. मी जिथे मारला तिथेच त्यालाही दाखवला. तुझा बाप कुठे मारून आला म्हणून सांगायचा?"

पुलावरचे लोक हसले आणि पनास लाल झाला. पण हसून प्रश्न संपला नाही, कारण खरा प्रश्न अंफिमकाकाचा नव्हता, येवसेईचा होता.

येवसेई म्हणजे त्याचा एकुलता एक. ओदेसाला जहाजदुरुस्ती शिकायला गेला आणि पहिल्या सुट्टीत गुळगुळीत दाढी करून परत आला. सगळी गल्ली कुंपणाला टेकून बघत होती, की आता म्हातारा काय करतो. म्हातारा काही बोलायच्या आत फेव्रोनियाने घरातला मातीचा पेला भरून पोराच्या हातात दिला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोराला आईच्या घरात वेगळं भांडं नसतं." संपला विषय. त्या दिवसापासून गल्लीला नियम पाठ झाला. पोरगा दाढी काढो की बाहेरची बायको करो, पेला घरचाच. खिळ्यावरचा पेला परक्यांचा.

पुढे येवसेई क्रिमियात, सेवास्तोपोलच्या गोदीत लागला, तिथेच संसार थाटला. मग रशियाने क्रिमिया घेतला. त्या उन्हाळ्यात मी आमच्या वेलीवरची द्राक्षं काढत होते. पलीकडे अंफिमकाका फोन समोर धरून बसला होता, आवाज मोठा, कारण त्याला कमी ऐकू येतं. पडद्यावर येवसेई नवा लाल पासपोर्ट नाचवत होता. आनंदाने नाचवत होता, हे मला स्पष्ट दिसलं. म्हणाला, "बाबा, आपण घरी आलो."

अंफिमकाका म्हणाला, "घर इथं आहे. तिथून आपण पळालो होतो." आणि फोन बायकोच्या हातात देऊन जाळं विणायला गेला.

झारने दाढीवर कर बसवला, जुन्या पोथ्या जाळल्या, म्हणून यांचे पूर्वज इतक्या लांब चिखलात येऊन राहिले. कर पायांनी फेडला, असं ते म्हणतात. मी हे पनासला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, तू द्राक्षं काढतेयस हे म्हाताऱ्याला दिसत होतं. तुला ऐकवण्यासाठी बोलला असेल." पनासचं हे असं. आणि खरं सांगते, त्याने म्हटल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं. संशय एकदा घरात शिरला की तोच घरमालक होतो.

कारण माझा ओस्ताप आता खेरसोनच्या काठावर नौसैनिक आहे. त्याच्यावर ज्या समुद्रातून क्षेपणास्त्रं येतात, त्या समुद्रातल्या जहाजांची सेवास्तोपोलात डागडुजी होते. तिथे कोणाचे हात चालतात, हा विचार मी दुकानात तराजूवर साखर तोलताना रोज करायचे. ओस्तापला घोड्यासारखा पाठीवर घेऊन फिरवणारा येवसेई मला आठवायचा, आणि मला त्याचा गळा दाबावासा वाटायचा.

लढाईच्या दुसऱ्या शरदात काकाचं वागणं बिघडलं. त्याच्याकडे मासेमारीचा परवाना होता, ठरलेल्या पट्ट्यापुरता. एका संध्याकाळी तो उशिरा परतला, होडीत जाळ्यांचा हा ढीग, आणि मासा एकही नाही. अंफिमकाका रिकाम्या हाताने परतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पनास धक्क्यावरच होता. त्याने विचारलं, तर म्हातारा म्हणाला, नदीच्या मनात नव्हतं.

समोरचा काठ रोमेनिया. फौजेची भरती चुकवून पलीकडे जाऊ बघणारे आमचे पुरुष इथूनच जातात, आणि पलीकडून काय येतं कोणास ठाऊक. वरच्या बंदरांवर ड्रोन पडत होते. कुठे धान्याची जहाजं लागली आहेत हे शत्रूला कोण सांगतं, यावर गल्लीत दुसरं बोलणंच नव्हतं.

दोन-चार दिवसांनी काका माझ्या दुकानात आला. पाव घेतला, मीठ घेतलं, आणि दाराकडे एकदा बघून म्हणाला, "तो धुराचा माल दे."

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. "कोणता माल?"

"लोक ओढतात तो." त्याने खिशातून फडकं काढून गल्ल्यापाशी पसरलं. मी सिगारेटचं पाकीट ठेवलं, तर हात न लावता फडक्यातच गुंडाळलं. "वांग्यांवर मावा पडलाय. भिजवून शिंपडतो."

ऑक्टोबर लागला होता. त्याची वांगी कधीच उपटून झाली होती, माझ्या खिडकीतून वाफा दिसतो. सुट्टे पैसे परत दिले आणि तो पुलापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी खिळ्यावरून पेला नाहीसा झाला.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. एक पत्र्याचा पेला जागेवर नाही, त्यात काय? पण आमच्या गल्लीत त्यावरून दुपारपर्यंत चुली थंडावल्या. पेला पडला असेल, चोरीला गेला असेल, असं कोणी म्हटलं नाही. सगळे एकच बोलले, की आत कोणीतरी परका आहे. परका आहे, राहतोय, आणि रोज पाणी पितोय.

पनास धावत दुकानात आला. त्याला खात्री होती की येवसेईच आला असणार.

"येवसेई नाही," मी म्हणाले. "डोकं चालव. येवसेई असता तर त्याला मातीचा पेला मिळाला असता. पत्र्याचा पेला आत गेलाय. सिगारेटी आत गेल्यात. हा त्यांच्यातला नाहीच. भलताच कोणीतरी आहे."

"म्हणजे पाठवलेला माणूस."

"मला काय विचारतोस? पहारा तुझा."

पनास खुर्चीवर बसला. येवसेई असता तर निदान शेजारचा पोरगा म्हणून काय ते ठरवता आलं असतं. परका म्हटल्यावर ठरवणं आमच्या हातात राहिलं नाही. तो म्हणाला, सुरक्षा खात्याला फोन करतो. पण शनिवारी त्यांचा पोक्रोवाचा, देवमातेच्या पदराचा, सण होता. आधी आमचा आणि त्यांचा एकाच दिवशी असायचा, गल्लीभर एकच जेवण चालायचं. यंदा आमच्या चर्चने तारखा बदलल्या आणि आमचा दोन आठवडे आधीच उरकला होता. सणाच्या दिवशी म्हाताऱ्याचं दार फोडायला लावलं तर सगळे लिपोवान आयुष्यभर आपल्या तोंडावर थुंकतील, असं पनासचं म्हणणं पडलं. सण झाला की लगेच फोन. मी म्हणाले, कर. मला वाईटही वाटलं नाही. ज्याच्या दारात इतकी वर्षं पाणी प्यायले तो असा निघाला, याचा रागच आला होता.

पण सण व्हायच्या आधी मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पनासचा संशय जाकिटावर मिरवता येतो. माझा मला पोटात घेऊन झोपावं लागत होतं.

शुक्रवारी भर दुपारी मी ताज्या द्राक्षरसाची बरणी उचलली आणि कालव्यावरच्या फळ्यांवरून त्यांच्या अंगणात गेले. काका होडीला डांबर फासत होता, पाठ माझ्याकडे, आणि कानांनी अधू. अंगणाच्या मागे जाळ्यांची खोप आहे. दार अर्धं उघडं होतं. उंबऱ्यावर तो पेला, माझा पेला, आणि त्याच्या बाजूला सिगारेटची राख. आतून एक हात बाहेर आला आणि त्याने पेला उचलला.

करंगळीचं टोक नव्हतं.

ती करंगळी मी ओळखते. येवसेई लहान असताना होडीच्या दोरात अडकून ती तुटली, फेव्रोनियाला भोवळ आली, आणि बोट बांधलं ते मी, माझ्या फडक्याने. मी मागे वळले, तर काका समोर उभा. हातात डांबराचा ब्रश.

आम्ही दोघं धक्क्यापर्यंत चालत आलो. तिथे मी बरणी खाली ठेवली.

"अंफिमकाका, पोटच्या पोराला परक्याचा पेला?"

तो उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसला. ब्रशचे केस बोटांनी सोडवायला लागला.

"दाढी काढून आला तेव्हा त्याच्या आईनं पोटात घातलं. मीही घातलं. दाढी परत उगवते," तो म्हणाला. "पण ज्यांनी आपल्याला जाळलं, हाकललं, त्यांचा कागद यानं हसत हसत घेतला. मला दाखवला. आता तेच त्याला खंदकात पाठवायला निघाले, म्हणून जॉर्जिया, तुर्की, रोमेनिया करत पळत आलाय. पोरगा आहे, म्हणून छप्पर देतो. पाव देतो. पाप डोक्यावर घेऊन तो धूरही आणून देतो. पण घरचा पेला नाही देणार. फेव्रोनिया असती तर दिला असता. ती नाही."

"म्हणजे तूच आणलास. जाळ्यांखाली लपवून."

"मीच आणला."

मग मी ज्यासाठी आले होते ते विचारलं. "त्याने तिथे कुठल्या बोटी दुरुस्त केल्या?"

"विचारलं मी. म्हणतो, फक्त मालवाहू. लढाऊ बोटींना कधी हात लावला नाही म्हणतो."

"आणि तुला खरं वाटतं?"

"नाही," अंफिमकाका म्हणाला. "रोज विचारतो. रोज तेच सांगतो, त्याच शब्दांत. खरं बोलणारा माणूस कधीतरी शब्द बदलतो." त्याने ब्रश डब्यात ठेवला. "तू संशय घेतेस, वासिलिना, आणि संध्याकाळी दुकान बंद करून घरी जातेस. मला त्याला जेवायला वाढावं लागतं."

मला त्या क्षणी त्याची दया आली आणि त्याच क्षणी वाटलं, की हा मला गुंडाळतोय. दोन्ही एकदम वाटलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आमच्या गल्लीत कोण पाणी आणि कोण मासा हेच कळेनासं झालं होतं. मी निघाले. फळीवर पाय ठेवला, आणि न वळता म्हणाले, "सण झाला की पनास फोन करणार आहे."

हे मी का बोलले? फेव्रोनियासाठी, असं मी स्वतःला सांगते. त्या तुटक्या करंगळीसाठी असेल. पण बोलून गेले, आणि रात्रभर पस्तावले. बापाला सावध केलं म्हणजे पोराला वाट दिली. माझा पोरगा तिकडे मरणाच्या तोंडावर, आणि मी इकडे शत्रूच्या पासपोर्टवाल्याला होडीत बसवून दिलं.

सकाळी होडी नव्हती.

पोक्रोवाच्या दिवशी लिपोवान म्हातारा चर्चला न जाता नदीवर जातो, असं विलकोव्यात कोणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या चर्चची घंटा वाजली, पांढऱ्या रुमालातल्या बायका आणि दाढीवाले पुरुष पूल ओलांडून गेले, आणि अंफिमकाकाची जागा रिकामी. आता त्याचेच लोक कुजबुजायला लागले. पनास धक्क्यावर उभा राहून पलीकडच्या काठाकडे बघत होता. खोप त्याने उघडून पाहिली होती. गवताची गादी, राख, बाकी काही नाही.

"उडाला," तो म्हणाला. "रोमेनियात पोचला पण असेल. आणि म्हाताराही त्याच्याबरोबर." मग माझ्याकडे वळला. "वहिनी, आजच नेमका कसा गेला?"

"भिंतींना कान असतात, पनास."

"आपल्या गल्लीत भिंती कुठायत? कुंपणं आहेत."

मी दुकान उघडलं आणि दिवसभर चुकीचे पैसे परत देत बसले. प्रत्येक गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं. तेव्हा मला कळलं, की इतके महिने अंफिमकाका पाव घ्यायला यायचा तो कसा येत असेल.

दुपार कलल्यावर होडी आली. रोमेनियाच्या बाजूने नाही, समुद्राकडूनही नाही, वरच्या अंगाने, जिथे सीमारक्षकांची चौकी आहे. काका एकटाच वल्हवत होता. सणाचा स्वच्छ शर्ट, विणलेला पट्टा, दाढी विंचरलेली. धक्क्यावर निम्मी गल्ली जमली होती, आमचीही, त्यांचीही. कोणी दोर झेलायला पुढे झालं नाही. त्याने होडी स्वतःच बांधली आणि कोणाकडे न बघता अंगणात गेला.

थोड्या वेळाने पनासला चौकीवरच्या ओळखीच्या शिपायाचा फोन आला. येवसेई अंफिमोविच नावाचा इसम बापासोबत सकाळी चौकीवर हजर झाला, जुना युक्रेनचा आणि तो लाल, दोन्ही पासपोर्ट पुढे ठेवले. बापाने जबानी दिली, की बिनशिक्क्याने याला मीच नदीपार आणला, जे काय कलम असेल ते मलाही लावा. म्हातारा म्हणून सोडलंय, बोलावलं की जायचं आहे. येवसेईला पुढे ओदेसाला नेलं.

मला वाटलं होतं, की हे ऐकून गल्ली मऊ होईल. तशी ती झाली नाही. पनास म्हणाला, पकडला जाणारच होता, म्हणून साळसूदपणे हजर केला. कोणी म्हणालं, कशावरून हेच काम देऊन त्याला पाठवलेलं नसेल, की हजर हो आणि आत शिर. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, पोटच्या पोराला शिपायांच्या हाती देणारा बाप जुन्या पंथात शोभत नाही, आपले पूर्वज शिपायांपासूनच पळाले होते. त्याने राज्याची बाजू घेतली म्हणून त्याचे त्याच्यावर रुसले, आणि पोराला आधी लपवलं म्हणून आमचे. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की ते मालवाहू बोटींचं खरं होतं का. त्याचं उत्तर ओदेसात कोणाला मिळालं असलं तर अजून आमच्यापर्यंत आलेलं नाही.

संध्याकाळच्या आधी मी त्याच्या कुंपणाशी गेले. का गेले ते ठरवलं नव्हतं. भांडायचं तरी होतं किंवा बसायचं तरी होतं. सवयीने हात खिळ्याकडे गेला. खिळा रिकामाच.

काका पिंपाशी, पायरीवर बसला होता. पत्र्याचा पेला त्याच्या हातात, अर्धा भरलेला. मी बघत असताना त्याने तो तोंडाला लावला आणि प्याला. त्याच पेल्यातून. इतक्या वर्षांत त्याचे ओठ मी त्या निळ्या कडेला लागलेले कधी पाहिले नव्हते.

"काका, तो माझा आहे," मी म्हणाले.

"आता माझा." त्याने दाढीवरचं पाणी पुसलं. "वाटेत त्याला तहान लागली. होडीत हा एकच होता. तो प्यायला, उरलेलं माझ्यापुढे धरलं. लहानपणी धरायचा तसं. मी प्यायलो."

त्याच्या नियमात याचा अर्थ काय होतो हे गल्लीतल्या लेकराला कळतं. परक्याचं उष्टं जो पितो तो परका. आता धर्मगुरू सांगेल ते उपास-नमस्कार पुरे होईपर्यंत, आणि कदाचित त्यानंतरही, अंफिमकाका स्वतःच्या घरात बाहेरचा. पोराला वाळीत टाकलं आणि मग वल्हं मारता मारता त्याच्याबरोबर स्वतः वाळीत जाऊन बसला. चौकी समोर दिसत असताना.

"तुला पाणी पाहिजे असेल," तो म्हणाला. "आत फळीवर मातीचा पेला आहे. फेव्रोनियाचा. तूच घे, तूच भर. मी त्याला हात लावत नाही."

"तो घरचा आहे."

"घरात त्यातून पिणारं आता कोण आहे?"

मी आत गेले. त्या स्वयंपाकघरात मी अगणित वेळा उभी राहिले होते, पण त्या फळीपर्यंत माझा हात कधी गेला नव्हता. पेला जड होता, आणि आतून कोरडा. बाहेर आले, पिंपातून भरला, त्याच्या शेजारी पायरीवर बसले. पलीकडून पनास आमच्या दोघांकडे बघत होता.

मी आधी संशयाने पेल्याचा तळ पाहिला. मग प्यायले.